एकशे एकावे युनिट: विद्युत नियामक आयोगास एक खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग, मुंबई.

विषय: विदर्भातील ग्रामीण घरगुती वीजदर, उन्हाळ्यातील वापराचे टप्पे आणि दरनिश्चितीची पद्धत.

महोदय,

मी चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती तालुक्यात राहणारा, पाच एकरांचा कापूस-तुरीचा शेतकरी आहे. गावातले शाखा डाकघर मी बरीच वर्षे सांभाळले, त्यामुळे सरकारी कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचण्याची खोड लागली आणि ती काम सुटल्यावरही गेली नाही. शेजारपाजारची माणसे विजेचे बिल घेऊन माझ्या छपरीत येतात, “यात एवढे कसे झाले ते पाहा बरं” म्हणतात, आणि मी चष्मा लावून त्यांना एकेक रकाना समजावून सांगतो. हे पत्र त्या छपरीतून लिहिले आहे.

उन्हाळ्यात अंगणात खाट टाकली की दूरवर औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्यांवरचे लाल दिवे दिसतात. चंद्रपूरच्या या केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. नागपूरजवळ कोराडी आणि खापरखेडा आहेत, मौदा आहे, गोंदियात तिरोडा आहे, अकोल्यात पारस आहे. कोळसा आमच्या जमिनीखालचा, राख आमच्या कपाशीवर, आणि टिप्परांनी उखडलेले रस्ते आमचे. हे गाऱ्हाणे जुने आहे आणि त्याचे भाषण मी करणार नाही, कारण तयार झालेली वीज राज्याच्या सामाईक जाळ्यात जाते आणि ती सर्वांची असते हे मला समजते. माझे म्हणणे एवढेच आहे की चिमणीच्या सावलीत राहणाऱ्या माणसाला निदान त्याच्या हवामानाला शोभेल असा दर मिळावा.

माझ्यासमोर मे २०२४ चे माझ्याच घराचे बिल आहे. वापर १३१ युनिट. त्या वर्षी आपण मंजूर केलेल्या दरांनुसार पहिल्या १०० युनिटांना वीज आकार ४ रुपये ७१ पैसे होता आणि १०१ ते ३०० युनिटांना १० रुपये २९ पैसे. याशिवाय प्रत्येक युनिटावर १ रुपया १७ पैसे वहन आकार (तारांवरून वीज घरापर्यंत आणण्याचा), महिन्याला १२८ रुपये स्थिर आकार आणि या सगळ्या बेरजेवर १६ टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन आकार, म्हणजे इंधनाच्या खर्चाप्रमाणे बदलणारी रक्कम, बाजूला ठेवला तरी रक्कम १,२४३ रुपये होते, आणि त्यातला नुसता वीज आकार ७९० रुपये आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत माझा वापर ५८ युनिट होता. आता याच दरांनी एक साधा हिशेब करून पाहावा. शंभरावे युनिट मला सर्व आकारांसह ६ रुपये ८२ पैशांना पडते आणि एकशे एकावे १३ रुपये २९ पैशांना. एका युनिटाच्या अंतरात भाव जवळजवळ दुप्पट होतो. दर त्यानंतर बदलले, पण शंभराची ती रेघ जिथल्या तिथे आहे.

ही रेघ कोणासाठी आखली आहे? जो शंभराच्या आत आहे तो गरीब आणि जो बाहेर गेला तो ऐपतदार, असा त्यामागचा विचार असावा, आणि कोकणात किंवा महाबळेश्वरच्या थंडाव्यात तो कदाचित खराही ठरत असेल. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. टिनाच्या छपराखाली दुपारी माणूस बसू शकत नाही आणि रात्री अकरापर्यंत भिंतींतून धग येत राहते. घरात माझी आई आहे, वय ऐंशीच्या पुढचे. तिच्या खोलीत खसाच्या ताट्यांचा जुना, लोखंडी पत्र्याचा कूलर आहे. पंखा आणि पाण्याचा पंप मिळून तो साधारण २०० वॅट घेतो. दिवसाला बारा तास चालला तर २.४ युनिट, महिन्याला ७२. फेब्रुवारीच्या ५८ मध्ये ७२ मिळवा. माझ्या मे महिन्याच्या १३१ चा उलगडा तिथेच होतो. त्या महिन्यात माझी ऐपत वाढलेली नव्हती, उलट पेरणीसाठी बियाण्याची आणि खताची जुळवाजुळव चालू होती. म्हणून मी म्हणतो की विदर्भात कूलर ही चैनीची वस्तू धरता येत नाही; उन्हाळ्यात तो पिण्याच्या पाण्याच्या बरोबरीचा आहे. शंभराची रेघ या एका कारणाने ओलांडणारी अनेक घरे एकट्या माझ्या गावात मी दाखवू शकतो, आणि त्यांतल्या काही घरांत मजुरीखेरीज दुसरे उत्पन्न नाही.

यावर आपले कार्यालय म्हणेल की दर सर्वांना सारखा हवा. पण विद्युत अधिनियम, २००३ चे कलम ६२(३) मी माझ्या समजुतीप्रमाणे दोनदा वाचले. कोणत्याही ग्राहकाला गैरवाजवी झुकते माप देऊ नये असे सांगून ते कलम लगेच पुढे, दरात फरक कोणकोणत्या कारणांनी करता येईल, त्याची यादी देते. त्या यादीत ग्राहकाचा एकूण वापर आहे, पुरवठा लागण्याचा काळ आहे आणि क्षेत्राचे भौगोलिक स्थानही आहे. एकूण वापर आपण वापरला, म्हणून टप्पे आले. दिवसाची वेळ आपण वापरली, म्हणून वेळेनुसार दर आले. महानगरपालिका हद्दीतील घरगुती ग्राहकाला स्थिर आकार थोडा अधिक लावण्याची पद्धतही आपल्याच आदेशांतली आहे, म्हणजे जागा पाहून आकार ठरवणे आपल्याला नवे नाही. मग ब्रह्मपुरी, चंद्रपूर, अकोला, वर्धा येथल्या एप्रिल ते जून या तीन महिन्यांसाठी पहिला टप्पा १०० ऐवजी २०० युनिटांचा करायला कायदा कुठे आड येतो, हे मला सापडले नाही. विदर्भातल्या उद्योगांना मागास भाग म्हणून राज्य शासनाने २०१६ पासून वीजदरात सवलत दिली, आणि तिला माझी हरकत नाही. कारखान्याच्या मागासलेपणाचा विचार होतो, मग त्याच तालुक्यातल्या म्हातारीच्या कूलरचा का होऊ नये, एवढेच विचारतो.

माझ्या मे महिन्याच्या त्या बिलात २०० चा टप्पा असता तर सुमारे २०० रुपये वाचले असते. मुंबईत ही रक्कम हसण्यावारी जाईल. इथे शेतात निंदणाला जाणारी बाई ती उन्हात वाकून कमावते.

आता दरनिश्चितीच्या पद्धतीबद्दल. २८ मार्च २०२५ रोजी आपण पाच वर्षांचा बहुवार्षिक दरआदेश काढला. दर कमी होणार अशा बातम्या आल्या आणि माझ्या छपरीत बसलेल्या माणसांना मीच तो मजकूर वाचून दाखवला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच, महावितरणच्या म्हणण्यावरून, त्या आदेशाला आपणच स्थगिती दिली. २५ जूनला फेरविचाराचा आदेश आला आणि १ जुलैपासून बदललेले दर लागू झाले. फेरविचार करण्याचा अधिकार आपल्याला कायद्याने दिला आहे आणि तो मी नाकारत नाही. परंतु कलम ६४ प्रमाणे मूळ दरआदेश लोकांच्या सूचना आणि हरकती विचारात घेऊन काढायचा असतो. ज्या आदेशाच्या आधी जाहीर सुनावण्या झाल्या, तो बदलताना तशाच सुनावण्या आमच्या भागात झाल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. डाकघरात एखाद्याच्या खात्यावरची नोंद बदलायची असेल तर आम्ही खातेदाराला बोलावत असू. लाखो खातेदारांची नोंद बदलताना त्यांना बोलावण्याची गरज कोणाला वाटली नसेल, तर ती चूक पुढच्या वेळी होऊ नये, यासाठी हे लिहिणे भाग आहे.

आणि सुनावणीला यायचे तरी कसे? विदर्भात ती नागपूरला किंवा अमरावतीला होते. गडचिरोली जिल्ह्याच्या टोकाच्या सिरोंच्याच्या माणसाला नागपूर गाठायला अख्खा दिवस जातो आणि तिथे बोलायला काही मिनिटे मिळतात. मूळ याचिका इंग्रजीत आणि शेकडो पानांची. महसुली तूट, भांडवली खर्च, खेळते भांडवल, पारेषण आकार अशा तक्त्यांतून शेतकऱ्याने आपली हरकत शोधून काढावी ही अपेक्षा जरा जास्तच आहे. कलम ९४(३) नुसार ग्राहकांच्या वतीने बोलण्यासाठी आपण प्रतिनिधी नेमू शकता. अशा प्रतिनिधींमध्ये पुण्याची प्रयास ही संस्था आणि मुंबई ग्राहक पंचायत ही नावे मी वाचली आहेत, आणि त्यांच्या अभ्यासाबद्दल मला आदर आहे. विदर्भाचे म्हणून जे नाव वाचले ते मात्र उद्योजकांच्या संघटनेचे. ग्रामीण विदर्भातला घरगुती आणि शेतीचा ग्राहक त्या टेबलावर कोणाच्या तोंडून बोलतो?

बिलाच्या रोजच्या कटकटींपैकी एकच सांगतो, कारण ती समोर बसून सोडवली आहे. आमच्या गल्लीत एक विधवा बाई राहते. दोन दिवे, एक पंखा, एक टीव्ही आणि गेल्या सालापासून एक लहान फ्रिज. मीटरच्या पेटीची काच धुरकटलेली. तीन महिने रीडिंग घ्यायला कोणी आले नाही आणि बिलावर चालू रीडिंगच्या जागी ‘आरएनए’ (रीडिंग उपलब्ध नाही) छापून सरासरी ४० युनिटांप्रमाणे आकारणी झाली. चौथ्या महिन्यात माणूस आला, त्याने मोबाइलवर फोटो काढला आणि मीटर चार महिन्यांत ३१० युनिट पुढे गेलेला निघाला. आधीचे १२० वजा करून उरलेले १९० युनिट एकाच महिन्याच्या नावावर पडले. म्हणजे महिन्याला जेमतेम ७८ युनिट वापरणाऱ्या बाईला ९० युनिटांवर वरच्या टप्प्याचा दर लागला. वर सांगितलेल्या दरांनी हा फरक शुल्कासह ५८३ रुपये होतो. तालुक्याच्या कार्यालयात आम्ही दोन खेपा घातल्या. पहिल्या दिवशी संबंधित कर्मचारी जागेवर नव्हते, दुसऱ्या दिवशी जे भेटले त्यांनी नम्रपणे सांगितले की “आधी बिल भरून टाका, नंतर बघू.” शेवटी टप्प्यांची विभागणी होऊन दुरुस्ती झाली, हे खरे. पण त्यासाठी मी गणित मांडलेला कागद द्यावा लागला, आणि तिच्या मजुरीचे दोन दिवस बुडाले ते कोणत्याच रकान्यात आले नाहीत. तक्रार निवारण मंच आहे, नागपूरला विद्युत लोकपाल आहेत, हे मला माहीत होते. तिला माहीत नव्हते, आणि बिलाच्या मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत ते छापून तिला ते कळणारही नव्हते.

डीपी, म्हणजे गावाला वीज देणारे रोहित्र, जळण्याबद्दल थोडक्यात. ऐन मेमध्ये कूलर आणि ऐन रब्बीत पंप एकदम सुरू झाले की डीपी जळते. मग गावात वर्गणी होते, ट्रॅक्टर ठरतो, आणि लाइनमनच्या पाठीमागे दोन-चार पोरे फिरतात. सेवेच्या मानकांमध्ये बिघाड दुरुस्तीच्या मुदती आपणच ठरवून दिल्या आहेत आणि त्या चुकल्यास भरपाईही. त्या मुदती शहराला कमी आणि गावाला जास्त आहेत, हेही एक वेळ मान्य करू. पण गावातल्या एकाही माणसाला अशी भरपाई बिलात वळती होऊन मिळालेली मी पाहिलेली नाही. दर गावाला आणि शहराला जवळजवळ सारखा आणि वाट पाहणे मात्र वेगवेगळे, हा न्याय जरा तपासून पाहावा.

शेतीपंपांचा मुद्दा अवघड आहे आणि माझ्याच बाजूच्या लोकांना तो आवडणार नाही. एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज देण्याची राज्य शासनाची योजना आहे. माझा पंप पाच अश्वशक्तीचा. बिल शून्य येते आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. तो पैसा शासन भरते. कलम ६५ नुसार अशा सवलतीची रक्कम शासनाने आगाऊ द्यायची असते, आणि ती उशिरा आल्यास पडणाऱ्या व्याजाचा बोजा अखेर दरांतून कोणावर येतो, हे आपणच तपासायचे आहे. खरी अडचण युनिटांची आहे. माझ्या विहिरीचे पाणी फेब्रुवारीच्या पुढे टिकत नाही. हरभऱ्याला दोन-तीन ओलिते झाली की पंप गोणपाट गुंडाळून पडून असतो. तरीही मीटर नसलेल्या पंपांचा वापर अश्वशक्तीवरून, अंदाजाने धरला जातो. हा अंदाज जितका फुगेल तितकी कागदावरची गळती घटते, आणि चोरीची किंवा खराब वाहिन्यांची वीज शेतकऱ्याच्या नावावर जमा होते. आम्ही न वापरलेल्या विजेचे ओझे आमच्याच घरच्या बिलात आणि आमच्याच बदनामीत परत येते. मला मोफत वीज द्या किंवा देऊ नका, पण माझ्या नावावर किती युनिट मांडले ते तरी दाखवा.

इंधनाच्या खर्चाबद्दलही असेच. वीज खरेदी हा दरातला सर्वांत मोठा भाग. करार झालेल्या केंद्राची वीज घेतली नाही तरी, ते केंद्र वीज द्यायला तयार असेल तर, त्याचा स्थिर खर्च द्यावाच लागतो. हे करार आपल्या मंजुरीने झालेले आहेत, त्यामुळे पडून राहिलेल्या क्षमतेचे पैसे किती, ते आम्हाला सोप्या मराठीत कळायला हरकत नसावी. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून कोळशावरचा टनामागे ४०० रुपयांचा उपकर संपला आणि वस्तू व सेवा कर ५ वरून १८ टक्के झाला. आमच्याकडचा कोळसा हलक्या प्रतीचा आणि कमी भावाचा असल्याने त्यावर ही अदलाबदल फायद्याची ठरते, असे साधे गणित सांगते. खर्च वाढला की इंधन समायोजन आकार बिलावर लगोलग उमटतो. खर्च कमी झाला तेव्हा तो त्याच वेगाने उतरला का, याचा हिशेब आयोगाने लोकांसमोर ठेवावा.

स्मार्ट मीटर असलेल्या घरांना जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलत मिळते. आमच्याकडे या वेळेत घराला कुलूप असते आणि माणसे शेतात असतात. आईच्या दुपारच्या कूलरला तिचा लाभ होईल, हे प्रामाणिकपणे मान्य करतो. पण अजून मीटर न बदललेल्या घराला ती मिळत नाही, आणि मीटर बदलायचा की नाही हे तो ग्राहक ठरवत नाही.

आता मागण्या. पहिली आणि माझ्या मते सर्वांत निकडीची: विदर्भातील जिल्ह्यांसाठी एप्रिल, मे आणि जूनमध्ये घरगुती वापराचा पहिला टप्पा २०० युनिटांचा करावा, आणि त्याचा भार इतर लहान ग्राहकांवर न टाकता गळती व वीज खरेदीच्या खर्चातून भरून काढावा. वीज शुल्क शासनाचे आहे, आपले नाही, हे जाणून आहे. परंतु कलम ८६(२) नुसार राज्य शासनाला सल्ला देण्याचे कामही आयोगाचे आहे. तेव्हा निदान पहिल्या टप्प्यावरील १६ टक्के शुल्क आणि स्थिर व वहन आकारावरही लागणारे शुल्क काढावे, असा लेखी सल्ला आपण शासनाला द्यावा आणि तो जाहीर करावा.

दरआदेशात ग्राहकाच्या विरोधात जाणारा कोणताही बदल, फेरविचाराच्या नावाने असला तरी, मूळ आदेशाइतक्याच जाहीर सुनावणीनंतर व्हावा. पुढची दरसुनावणी चंद्रपूर, गडचिरोली आणि यवतमाळ येथेही घ्यावी, याचिकेचा समजेल असा मराठी गोषवारा ग्रामपंचायतींना आधी पाठवावा आणि ग्रामीण विदर्भातील घरगुती व शेतकरी ग्राहकांसाठी स्वतंत्र प्रतिनिधी नेमावा. प्रत्येक शेती वाहिनीवर आणि डीपीवर मीटर बसवून त्यांची नोंद दर तिमाहीला प्रसिद्ध करावी. रीडिंग न घेतलेल्या महिन्यांनंतर येणाऱ्या एकत्रित युनिटांची टप्प्यांनुसार विभागणी, आणि पुरवठा मुदतीत सुरू न झाल्यास मिळणारी भरपाई, ही दोन्ही कामे ग्राहकाने अर्ज न करता बिलात आपोआप व्हावीत. मंचाचा आणि लोकपालांचा पत्ता बिलाच्या दर्शनी बाजूला, वाचता येईल अशा अक्षरात असावा.

या पत्राची प्रत मी स्पीड पोस्टने आपल्या कार्यालयाकडे पाठवत आहे. ती पोचेल हे मला अनुभवाने माहीत आहे. उत्तर मराठीत, आणि मार्चच्या आधी मिळावे, कारण एप्रिल लागला की आईचा कूलर खाली काढून त्यात नवी खस भरावी लागते.

आपला,
एक घरगुती व शेतीपंप वीजग्राहक,
तालुका भद्रावती, जिल्हा चंद्रपूर.